काजळ्याचा दात

उठल्याबरोबर कडूबा आधी गोठ्यात जायचा. तोंडसुद्धा धुवायचा नाही. डाव्या हातानं काजळ्याचा जबडा धरायचा, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढायचा आणि पुढच्या दोन दुधाच्या दातांना बोट लावून बघायचा. दात हलत होते. अक्षय तृतीयेपासून हलत होते, पण पडत नव्हते.

शेजारच्या दाव्याला पाखऱ्या बांधलेला असायचा. त्याचे दुधाचे दात कधीच पडून गेले होते आणि त्या जागी दोन मोठे, रुंद दात वर आले होते. पाखऱ्या दोन दाती झाला होता, काजळ्या अजून अदात होता. दोघं एकाच रंगाचे, एकाच उंचीचे, शिंगं एकाच वळणाची. लांबून बघणाऱ्याला कोणता कोण ते कळायचं नाही. पण बाजारात लांबून कोणी बघत नाही, तोंड उघडून बघतात. दोन्ही दोन दाती असले की जोडी औताला तयार; शेतकरी पुढचं विचारत नाही. एक दोन दाती आणि एक अदात म्हटलं की जोडी फुटते. तयार असलेला एक कोणीतरी नेतो. दुसरा व्यापाऱ्याच्या दावणीला जातो, आणि तिथून पुढं तो कुठं गेला हे कोणी सांगत नाही.

कडूबाला जोडी फुटू द्यायची नव्हती. दोन्ही गोऱ्हे त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं वाढवले होते. काजळ्या झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याची आई मेली, तेव्हा तिनं पाखऱ्याच्या आईला काजळ्या लावला. गाय लाथा मारायची. मनकर्णाबाई पाखऱ्याचं अंग पुसलेलं फडकं काजळ्याच्या पाठीवर टाकायची, गाईच्या मानेला खाजवत उभी राहायची, आणि बोलत राहायची. आठवडाभरानं गाय त्याला चाटायला लागली. तेव्हापासून दोघं एका सडाचे भाऊ. एकाला पाण्यावर नेलं तर दुसरा गोठ्यात हंबरायचा.

आता मनकर्णाबाई नव्हती, आणि कडबाही नव्हता. गंजीच्या जागी नुसता काळा डाग राहिला होता. गावाला टँकर यायचा, त्यातलं जनावरांच्या वाट्याला येईल तेवढं यायचं. शहराच्या कडेला नव्या आवारात सोमवारी जनावरांचा लिलाव व्हायचा. दात आज पडेल, उद्या पडेल, खालचा मोठा दात वर डोकावेल, मग नेऊ, असं करत कडूबानं वैशाखातले लिलाव हातचे घालवले. येणारा सोमवार शेवटचा होता. अजिंठा-फर्दापूरकडचे शेतकरी पेरणीआधी बैल घ्यायला यायचे, ते त्याच दिवशी. त्यानंतर आवारात व्यापाऱ्यांशिवाय कोणी फिरकणार नव्हतं.

शनिवारी उन्हं कलल्यावर फकिरा दलाल आला. भावकीतल्या पुंजारामच्या टेम्पोतून उतरला, हे कडूबानं बघून ठेवलं.

फकिरा सरळ गोठ्यात शिरला आणि काजळ्याचा ओठ उलटा केला. "पाटील, आजून तसाच? आवो, पक्कड लावा की. एक हिसका. वरून हळद दाबायची. सोमवारी बघणाऱ्याला वाटतं दात नुकताच पडला, मोठा खालून येतोय. निम्मा बाजार आसाच हुबा ऱ्हातो."

"आन् घेणारानं बोट घालून बघितलं तर?"

"बघू द्या. मी कशाला हाय?"

"तू कशाला हायेस तेच तर कळंना मला."

फकिरा हसला. पुंजाराम टेम्पोला टेकून उभा होता, तो हसला नाही.

"मी जसा हाय तसा नेणार," कडूबा म्हणाला. "एक दोन दाती, एक अदात. तोंडानं सांगणार."

"मग तुमचे गोऱ्हे आन् तुमचं तोंड," असं म्हणून फकिरा पायीच पाराकडं निघून गेला.

पुंजाराम म्हणाला, "नाना, सोमवारी दिवस उगवायला निघू."

"कामून एवढ्या लवकर?"

"लवकर कुठं? खुलताबादपासून रस्ता सगळा उकरलाय. फाटकावर पोचंल तसा नंबर लागतो."

ते कडूबालाही माहीत होतं. अगदी पहिल्या नंबरात गेलं तर लांबचे शेतकरी अजून वाटेत असतात, लिलावाच्या ओट्याभोवती नुसते व्यापारी. फार मागं राहिलं तर शेतकऱ्यांची खरेदी उरकलेली असते, पुन्हा व्यापारीच. मधला नंबर मिळाला पाहिजे. पुंजाराम लवकर नेतोय म्हणजे व्यापाऱ्यांच्या पुढ्यात नेऊन उभा करतोय, असं त्यानं मनात धरलं. फकिरा त्याच्या गाडीतून उगीच आला नव्हता. पण दुसरी गाडी कुठून आणणार? गावात आणखी एकच टेम्पो होता आणि त्याच्यावर पाण्याची टाकी चढवलेली होती.

खरं तर पुंजारामवरचा त्याचा राग गोऱ्ह्यांपायी नव्हता. तो पाडव्याच्या आधीपासूनचा होता.

मनकर्णाबाईला धाप लागायची. त्या दिवशी सकाळपासूनच लागली होती. आडवं पडलं की जीव घाबरायचा, म्हणून दवाखान्यात नेताना तिला पुंजारामच्या टेम्पोत पुढं, खिडकीपाशी बसवलं. त्या छोट्या टेम्पोत पुढं चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस मावतं. कडूबा मागं हौद्यात, वळकटी आणि पाण्याची कळशी धरून बसला. वेरूळ मागं पडल्यावर रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली पुंजारामनं गाडी थांबवली. कडूबानं मागून विचारलं, "काय झालं रे?" पुंजाराम म्हणाला, "जरा थांबा, नाना." गाडी बराच वेळ थांबली. पुंजाराम खाली उतरून नुसता उभा राहिला. शहरात दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरनं आधी तिला बघितलं, मग कडूबाला बघितलं, आणि म्हणाला, "उशीर केला बाबा."

तो उशीर कुठं झाला होता ते कडूबाला माहीत होतं. त्यानं कोणाला सांगितलं नाही. पुंजारामलाही विचारलं नाही. विचारलं की तो काहीतरी सांगेल, आणि जे सांगेल ते खरं की खोटं हे कोण ठरवणार?

सोमवारी उजाडता उजाडता पुंजारामनं टेम्पो उलटा घेऊन बांधाला लावला. कडूबाची बहीण सरूबाई दोन घरं सोडून राहायची. ती ताटात कुंकू, दोन भाकरी आणि गुळाचा खडा घेऊन आली. तिनं दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं, एकेक भाकरी तोंडात दिली.

"दादा, वैनी आसती तर तिनं ह्यांला जाऊ दिलं नसतं," ती म्हणाली.

"मग तू सांभाळ. तुझ्या घरी पेंडी हाय का एक?"

सरूबाई पुंजारामकडं वळली. "नीट ने रे, पुंजाराम. आन् माझ्या भावाला पुढं बसव. म्हातारा मानूस हाय."

"मी मागंच बसतो," कडूबा म्हणाला. "माझी जनावरं मला दिसली पाहिजेत."

पाखऱ्या आधी चढला. काजळ्या खाली राहिला तसा पाखऱ्या वरून हंबरला, मग काजळ्या आपणहून चढला. कडूबानं दोघांची दावी पुढच्या आडव्या पाइपाला बांधली आणि त्यांच्या मधोमध उभा राहिला.

गाडी कन्नडच्या बाहेर पडली. दोन्ही बाजूंनी रान मोकळं पडलं होतं, ढेकळं पांढरी झाली होती. मधूनच एखाद्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्यांत झेंडे रोवलेले, आणि पाटीवर रंगीत बंगल्याचं चित्र. एका प्लॉटवाल्यानं कुंपणाच्या झाडांना पाणी घालायला टँकर उभा केला होता. कडूबा त्या पाण्याकडं गाडी पुढं जाईपर्यंत बघत राहिला.

वेरूळ मागं पडलं आणि टेम्पो हळू झाला. त्याच लिंबाखाली पुंजारामनं गाडी थांबवली. झाडाजवळ आता एका चहावाल्यानं पाण्याचं पिंप ठेवलं होतं. पुंजाराम बादली घेऊन खाली उतरला.

कडूबा हौद्यातून खाली आला. "इथंच कामून थांबवली?"

"पाणी पाजतो, नाना. पोटं खपाटीला गेलीत. आशी नेली तर कोण बोली बोलंल?"

"पाणी कन्नडात नव्हतं? इथंच सापडलं?"

"कन्नडात भरून घ्यायला नळ कुठं हाय?"

"मागच्या टायमाला काय पाजायचं होतं तुला इथं?"

पुंजाराम बादली हातात धरून उभा राहिला. चहावाला कपबशा धुवायचा थांबला.

"बोल की," कडूबा म्हणाला. "जीव चालला होता तिचा, आन् तू झाडाला पाठ लावून हुबा व्हतास. तिथं डॉक्टर म्हणतो उशीर केला. कोणी केला?"

"काकीच म्हणली थांब. म्हणून थांबलो."

"व्हय. काकी म्हणली. काकी आता सांगायला येत नाय, म्हणून तुझं बरं चाललंय."

पुंजारामचं तोंड उतरलं. त्यानं पिंपातून बादली भरली आणि पाखऱ्याच्या तोंडापुढं धरली. पाखऱ्या प्याला. मग काजळ्या प्याला. रिकामी बादली जागेवर ठेवून तो एवढंच म्हणाला, "नाना, दावी जरा ढिली सोडा. पुढं रस्ता वाईट हाय. जनावराला मान खाली घालता आली पाहिजे."

कडूबा वर चढला. ढिली सोडा म्हणतोय. म्हणजे खड्ड्यात आदळलं की काजळ्या उडी टाकेल, पाय मोडेल, आणि मग फकिरा आहेच. त्यानं काजळ्याचं दावं सोडलं, आणखी आखूड केलं आणि पाइपाला दुहेरी गाठ मारली. काजळ्याचं तोंड पाइपाच्या बरोबरीला आलं. आता हलून दाखव, असं त्याला वाटलं, आणि ते काजळ्याला म्हणायचं होतं की पुंजारामला, हे त्याचं त्याला कळलं नाही.

खुलताबादच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू खणलेली, दुसरीवर दोन्हीकडच्या गाड्या. धुळीत दहा हातांपुढचं दिसत नव्हतं. समोरून मुरमानं भरलेला हायवा ट्रक अचानक आडवा आला आणि पुंजारामनं करकचून ब्रेक मारला. पाखऱ्या गुडघ्यावर आला. कडूबा फळीवर आपटला. काजळ्याला मान कुठं नेता येईना; त्याचं तोंड पाइपावर आदळलं. लोखंडाचा आवाज झाला.

कडूबा उठला तेव्हा काजळ्याच्या ओठातून रक्ताची तार लोंबत होती. त्यानं ओठ ओढला. पुढचा एक दात गेला होता, दुसरा आडवा होऊन चामडीला लटकत होता. बोट लावलं तसा तोही हातात आला. खाली मोठ्या दाताची पांढरी कडा दिसते का म्हणून त्यानं डोळे बारीक करून बघितलं. नुसतं लाल मांस होतं. दात आपल्या वेळेआधी गेला होता. पकडीनं काढल्यावर जसं दिसतं तसंच ते दिसत होतं.

त्यानं दुहेरी गाठ सोडली. गाठ निघायला वेळ लागला. पुढून पुंजारामनं विचारलं, "नाना, लागलं का काय?"

आवाराच्या फाटकावर नंबर मिळाला तो मधलाच होता. पलीकडं उंच इमारतींचे सांगाडे उभे होते, त्यांच्या सावल्या अजून आवारात पडत होत्या. फर्दापूरकडच्या जीपा नुकत्याच येऊन लागल्या होत्या, माणसं पाय मोकळे करत होती. ह्याहून चांगल्या वेळेला कोणालाही येता आलं नसतं. कडूबानं ते बघितलं आणि त्याला आणखीच राग आला, कारण आता तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

उपरण्याच्या टोकानं त्यानं काजळ्याचं तोंड पुसलं. पुन्हा लाल झालं, पुन्हा पुसलं.

नंबर पुकारल्यावर त्यानं दोघांना ओट्यावर नेलं. जोडी उभी राहिली तशी भोवतालची माणसं पुढं सरकली. पुकारणारानं बोली सुरू केली आणि ती चढत गेली. सगळ्यात जोरानं बोलणारा होता सांडू, फर्दापूरच्या बाजूचा शेतकरी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बोली बोलत होता, जणू गोऱ्हा त्याच्या घरी पोचलाच होता.

"थांबा," कडूबा म्हणाला. "एक सांगायचंय. हा दोन दाती हाय. त्यो अदात व्हता. येताना टेम्पोत तोंड आदळलं, दात पडले. खाली आजून काय नाय."

गर्दीतून फकिराचा आवाज आला. "वाटेतच पडतात, पाटील. समद्यांचे वाटेतच पडतात."

माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "टेम्पोत पक्कड ठिवली व्हती का?" आणखी हसली. कडूबानं मूठ उघडून हातात आलेला दात दाखवला. त्यावर तर लोक जास्तच हसले. पडलेला दात कोण जपून आणतो? काढलेला आणतात.

सांडू पुढं आला. त्यानं काजळ्याच्या तोंडात बोट घालून हिरडी चाचपली. काजळ्यानं मान झटकली.

"बाबा, म्हातारी माणसं तुम्ही," सांडू म्हणाला. "कामून आसं केलं?"

"म्या नाय केलं."

"कोणी बघितलं?"

कडूबाला ओट्याच्या पायरीशी उभा असलेला पुंजाराम दिसला. सांडूनंही तिकडं बघितलं. "ह्यांना आणलेली गाडी तुझीच का? तुझ्या डोळ्यांदेखत पडला का दात? व्हय म्हण, म्या बोली तशीच धरतो."

पुंजारामनं कडूबाकडं बघितलं. एक शब्द पुरेसा होता. कडूबा त्याच्याकडं बघत राहिला, आणि तो शब्द मागायला आपलं तोंड राहिलेलं नाही हे त्याला कळत होतं.

"नाय," पुंजाराम म्हणाला. "म्या गाडी चालवत व्हतो. हायवा आडवा आला, बिरीक मारला. मागं पाइप वाजला तेवढा ऐकला. दात पडताना नाय बघितला."

"आरं, तुझ्याच गावचा मानूस हाय ना हा?" मागून कोणीतरी म्हणालं.

"गावचा हाय. भावकीतला हाय. पर जे बघितलं नाय ते कसं सांगू?"

फकिरा पुढं सरसावला. "झालं. पुकारा आता. दोन दाती येगळा, अदात येगळा."

एका व्यापाऱ्यानं लगेच पाखऱ्यावर बोली लावली. एकट्या पाखऱ्यावर, आणि ती चांगली होती. पुकारणारा कडूबाकडं बघायला लागला. काजळ्या रक्ताची लाळ गाळत पाखऱ्याच्या कुशीला चिकटून उभा होता.

सांडू मात्र तिथून हलला नव्हता. तो पुंजारामकडंच बघत होता. "शिकवून आणला आसता," तो हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तर चट्कन व्हय म्हणला आसता." मग तो कडूबाकडं वळला. "बाबा, मघाची बोली गेली. अदात धरून देईन. दोघांचे मिळून तो व्यापारी एकट्याचे देतोय त्याहून थोडंच जास्ती बसंल. पर दोन्ही नेतो. फोडत नाय. पटत आसंल तर बोला."

"पाटील, नुकसान हाय," फकिरा म्हणाला. "एक मोठ्या भावात जाऊ द्या. दुसऱ्याचं मी बघतो."

"तू काय बघणार ते बघितलं म्या," कडूबा म्हणाला, आणि सांडूच्या हातावर हात मारला.

सांडूनं नवे कासरे आणले होते. ते बांधून झाल्यावर कडूबानं आपली दावी सोडून घेतली. जनावर दिलं तरी घरचं दावं द्यायचं नसतं. जीपमागच्या गाडीत पाखऱ्या आधी चढला. काजळ्याला ढकलावं लागलं नाही. कडूबा धूळ बसेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग दावी खांद्यावर टाकून टेम्पोकडं आला.

पुंजाराम हौद्यातलं रक्त बादलीभर पाण्यानं धूत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"नाना, मला व्हय म्हणता आलं आसतं," तो म्हणाला. "तुमचा फायदा झाला आसता."

"झाला आसता."

"राग आला का?"

सांडूचं बोलणं कडूबाच्या डोक्यातून जात नव्हतं. ज्या माणसाला एका शब्दानं सुटका करून घेता आली असती, ज्याला त्याच सकाळी चहावाल्यादेखत खोटा ठरवलं होतं, तो न बघितलेलं बोलला नाही. कडूबा मागं चढायला वळला, थांबला, आणि पुढं येऊन बसला. खिडकीची काच खाली गेलेली होती. ती वर येत नव्हती, बहुधा कधीच येत नसावी.

शहर मागं पडलं. खणलेला रस्ता मागं पडला. खुलताबादच्या चढावर टेम्पो कण्हायला लागला, तेव्हा कडूबा बोलला.

"काय म्हणली व्हती ती?"

पुंजारामनं विचारलं नाही कोण. "लई बोलता येत नव्हतं. धाप व्हती."

"तरी."

"म्हणली, मागं त्येंला ऊन लागतंय का."

कडूबा समोर बघत राहिला. "मग?"

"म्या खरं सांगितलं. म्हणलं, लागतंय, काकी. हौद्याला वरून काय नाय."

टेम्पोनं चढ संपवला. पुंजारामनं गिअर बदलला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मग म्हणली, सावली बघून थांब जरा."